रुतबाईचं माहेर

तिचं नाव रूथ. आमच्या गावाच्या जिभेला तो शेवटचा 'थ' काही पेलला नाही आणि तिची रुतबाई झाली. "काट्यावानी रुतती म्हनून रुतबाई," असं माझी आजी म्हणायची. त्यात खोटं काही नव्हतं. एखादी गोष्ट रुतबाईनं मनावर घेतली, की ती होईपर्यंत समोरच्यानं लंगडतच चालायचं.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. हे मी जिथं-तिथं सांगते आणि सांगताना मला लाज वाटत नाही. आमच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी नांगर धरला आणि कागदावर अंगठा उठवला; बी.ए. मी झाले. ज्या वर्षी झाले त्याच वर्षी, निकाल लागायच्या आधी, रुतबाई गेली. बहात्तरच्या दुष्काळाचा तो उन्हाळा, म्हणजे त्र्याहत्तरचा. तिच्याबद्दल कुणी काही लिहिलेलं नाही. त्यांच्या ख्रिस्ती मंडळीच्या मासिकात चार ओळी आल्या होत्या, त्यात 'प्रभूमध्ये निजल्या' एवढंच होतं. निजणं हा काही तिचा स्वभाव नव्हता, म्हणून मी लिहायला बसले.

आमचं गाव नगरकडच्या कर्जत तालुक्यात, सीना नदीच्या अंगाला. गावाच्या मावळतीला पंधरा-वीस ख्रिस्ती घरं आणि त्यांचं पत्र्याचं देऊळ. ते लोक चर्चला देऊळच म्हणत. रुतबाईचा नवरा शिमोन मास्तर तिथल्या मिशनच्या शाळेत शिकवायचा. तो मी जन्मायच्या आधीच वारला. मुलगा एकच, योहान. नगरला शिक्षक, केडगावात घर बांधून राहिलेला. तो दर सुट्टीला यायचा आणि "आई, आता तरी चल," म्हणायचा. ती म्हणायची, "तुज्या घरात समदं इस्त्रीचं हाय बाबा. मला बसायचं भ्या वाटतं."

अंगानं काटकुळी. पांढरं पातळ, त्याला बोटभर निळा काठ, पायात टायरच्या चपला, खांद्याला झोळी. झोळीत शास्त्र, म्हणजे बायबल, आणि गीतांचं पुस्तक. बायाबापड्यांत जाऊन प्रभूच्या गोष्टी सांगायला मिशननं तिला नेमलं होतं. ती नेमणूक केव्हाच संपली होती, पण ते तिच्या पायांना कुणी कळवलं नव्हतं. सत्तरी उलटली तरी ती आसपासची दहा गावं पायी फिरायची.

माणसांशी ती आमच्यासारखंच बोलायची, पण प्रार्थनेला डोळे मिटले की एकदम पुस्तकी व्हायची. 'हे दयाळू पित्या, तुझ्या चरणांशी आम्ही नम्रपणे येतो', असं. मी एकदा विचारलं, "रुतबाई, देवाला आपलं बोलणं कळत नाही का?" ती म्हणाली, "कळतंय की. पर देवळात जाताना धुतलेलं नेसती का न्हाई तू? तसंच हाय ते."

आमच्या आजीच्या गुडघ्यासाठी ती येऊन प्रार्थना करायची. आजी विठ्ठलाची, पण गुडघा दुखायला लागला की कुणाचाही देव चालायचा. प्रार्थना संपली की रुतबाई मोठ्यानं "आमेन" म्हणायची. आजीला हे खटकायचं. आमच्या गल्लीत बांगड्या भरणारी आमिना राहायची. आजी एक दिवस म्हणालीच, "रुते, समदं ब्येस बोलतीस. पर शेवटाला त्या आमिनेला कशाला हाक मारतीस? तिला काय कळतंय गुडघ्यातलं?"

रुतबाई ओट्यावरून पडायची बाकी राहिली. पदरानं डोळे पुसत हसत होती. त्यानंतर आमच्या घरी प्रार्थना संपली की ती "आमेन" म्हणायची आणि लगेच, "तुमी नका येऊ गं आमिनाबी." समोरून आमिना ओरडायची, "बुलाये क्या, रुतबाई?"

हे सगळं हसणं खरं. पण हसण्याच्या खाली एक गोष्ट होती, ती सगळ्या गावाला माहीत होती.

रुतबाईला माहेर नव्हतं. माहेर तुटलेलं नव्हे. कुठलं, तेच ठाऊक नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोठा दुष्काळ पडला, तेव्हा माणसं झाडपाला खात नगरच्या वाटेला लागली. त्या वाटेवर मिशनच्या मडमेला एक पोरगी सापडली. दोन-अडीच वर्षांची. नाव विचारलं तर रडली, गाव विचारलं तर रडली. 'आई' एवढाच शब्द तिला येत होता, आणि तो तर जगातल्या सगळ्या पोरींना येतो. मिशनच्या अनाथ मुलींत तिला वाढवली, रूथ नाव ठेवलं, लिहायला शिकवलं, शिमोन मास्तराला दिली.

म्हणून ती गावोगाव जायची तेव्हा प्रभूची गोष्ट तर सांगायचीच, पण गोष्ट संपली, बाया उठल्या, की एखाद्या म्हातारीजवळ सरकून हळूच विचारायची, "आजी, मोठ्या दुष्काळात तुमच्या वळखीत कुनाची पोरगी वाटंवर मागं राहिली का वो? दोन-अडीच वर्षांची? सावळी, लई रडकी?"

पन्नास वर्षं ती हे विचारत होती. विचारता विचारता त्या दुष्काळातल्या म्हाताऱ्या संपत आल्या. 'हो' कुणीच म्हटलं नाही. मला मोठेपणी कळलं की 'हो' म्हणणं सोपं नव्हतं. हो म्हणायचं म्हणजे आम्ही पोर टाकली हे कबूल करायचं, आणि ती पोर आता ख्रिस्ती आहे हेही पत्करायचं. इतकं कोण कशाला अंगावर घेईल?

आमच्या आजीलाही तिनं एकदा विचारलं होतं. मी तेव्हा शाळेत होते, समोर बसून पाटी पुसत होते. आजी म्हणाली, "न्हाई गं बाई." माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, ते खांबाला टेकून बसले होते. ते उठले आणि गोठ्यात गेले.

पण रुतबाईनं या दुःखाचं हत्यारही केलं होतं. एकदा आमच्या गावच्या पाटलानं तिला चावडीपुढं अडवलं. "काय गं ए, कुनाला बाटवायला निघालीस?"

"दाजी, जरा जपून बोला," रुतबाई म्हणाली. "उद्या मी तुमची मावशी निघाले तर पाया पडावं लागंल."

सगळी चावडी हसली, आणि पाटीलही हसला, कारण दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. ती मला म्हणायची, "मी कुनाचीबी असंन. गावातली असंन, येशीभायेरची असंन. मला समद्यांशी नीट वागावं लागतं. कोन जाने, कोन माजा निघंल!"

आबांशी मात्र तिची मस्करी चालायची नाही. आबा म्हणजे किसनराव. कमी बोलणारा, पंचक्रोशीत शब्दाला पक्का माणूस. रोज शेताला जाताना ते तिच्या दारावरून जायचे. ती ओट्यावरून म्हणायची, "किसनराव, पानी घेता का?" आबा म्हणायचे, "आत्ताच पिऊन निघालोय." कडक उन्हात, तोंडाला कोरड पडलेली असतानासुद्धा आत्ताच पिऊन निघालेले असायचे. तीही विचारायची थांबली नाही. ते पाणी आबा कधीच प्यायले नाहीत. खोटं कशाला सांगू? माझे वडील तसे होते.

मी अकरावी पास झाले तेव्हा घरात माझ्या लग्नाचं बोलणं सुरू झालं. रुतबाईला ते कळलं. ती आली आणि आमच्या ओट्याच्या कडेला बसली. आत यायची नाही. तेवढी मर्यादा दोन्हीकडून पाळली जायची.

"किसनराव, पोरीला नगरला कालेजात घाला."

"पोरीच्या जातीला कालेज कशाला, बाई? भाकरीच थापायच्यात."

"थापंल की भाकरी. भाकरी कुठं पळून जात न्हाई."

"लोकं काय म्हनतील?"

रुतबाईनं झोळी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "मला त्या वक्ताला नाव-गाव सांगता आलं असतं, तर मला कुनीतरी घरी न्हेऊन सोडलं असतं, किसनराव. वाचती-लिहिती बाई हरवत न्हाई. कुठंबी टाकली तरी पत्ता लिहिती."

आबांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला, असं आई नंतर म्हणायची. रुतबाई दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशी आली, तिथंच कडेला बसली. चौथ्या दिवशी आबांनी माझी पत्र्याची पेटी गाडीत टाकली.

आता लुगड्याचं सांगते, कारण सगळं त्याच्यावर आलं.

आमच्याकडं बाई वारली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडतं. भाऊ आणतो, भाऊ नसला तर भाचा. ते येईपर्यंत माती घरातून हलत नाही. आणि माहेरच्यांनी तोंड पाहून 'उचला' म्हटल्याशिवायही हलत नाही. ख्रिस्ती घरांनी कुंकू सोडलं, नवस सोडले, पण लुगडं त्यांनाही सुटलं नव्हतं. पाळक लोक नाराज व्हायचे, तरी लुगडं यायचंच.

गावात कुठल्याही जातीत बाई वारली तर रुतबाई जायची. रडायची, बायांना धीर द्यायची. आणि मग त्या माहेरच्या लुगड्याचा पदर दोन बोटांत धरून बघायची. "चांगलं हाय पोत," म्हणायची. एकदा परत येताना मला म्हणाली, "माजं समदं सांगून ठिवलंय बग. पेटीच्या फळ्या सुताराकडं हायेत, गीतं योहानला लिहून दिलीत. एवढं एक लुगडं काय माज्या अंगावर पडायचं न्हाई." म्हणाली आणि हसली. मीही हसले. कॉलेजात शिकत होते ना मी. मला वाटलं, जुन्या रीतींचं काय एवढं!

मग तो दुष्काळ आला. विहिरींना तळ दिसला, जनावरं छावणीत गेली, आणि सगळा गाव खडी फोडायला दुष्काळी कामावर गेला. आमच्या आबांनीसुद्धा नांगर धरणाऱ्या हातानं हातोडा धरला. मी सुट्टीत आले तेव्हा पाहिलं, रुतबाईही कामावर होती. तिच्या वयाला कुणी खडी फोडायला घेतलं नसतं. ती आपणहून जायची. बाया खडी फोडायच्या, आणि ती बाभळीखाली त्यांची लेकरं घेऊन बसायची.

तिच्याजवळ एक जांभळी पेन्सिल होती, ओली केली की शाईसारखी उमटणारी. ती पेन्सिल जिभेला लावून ती चिंध्यांवर लिहायची: लेकराचं नाव, आईचं, बापाचं, गावाचं. मग ती चिंधी लेकराच्या कमरेच्या करदोट्याला बांधायची. ओठ आणि जीभ जांभळी होऊन जायची. मुकादम चिडवायचा, "रुतबाई, जांभळं लई गावल्यात जनू तुला, दुष्काळात!" लोक सात-आठ गावांचे, गर्दी जत्रेसारखी, लेकरं रांगत कुठंही जायची. संध्याकाळी ती एकेका लेकराची चिंधी मोठ्यानं वाचायची आणि आई आली की मगच सोडायची. आई समोर उभी असली तरी वाचल्याशिवाय देत नव्हती. बाया कंटाळायच्या. "अगं माजंच हाय त्ये, दे की!" "असंल," ती म्हणायची, "वाचू दे."

चैत्राच्या उन्हानं तिला धरलं. तीन दिवस ताप. योहान बायकोला घेऊन एस.टी.नं आला. मी तिच्याजवळ बसले होते. मला म्हणाली, "परीक्षा कधी हाय?" मी सांगितलं. "मग हितं काय करतीस? जा." हेच माझ्याशी शेवटचं बोलणं. दुसऱ्या दिवशी दिवस उगवताना ती गेली.

आंघोळीला पाणी नव्हतं. मग गावातून एकेक तांब्या पाणी आलं. ज्या घरांत पिण्यापुरतं नव्हतं त्यांनीही दिलं. मी आणि मंडळीच्या बायांनी तिला आंघोळ घातली, तिचंच धुवट पांढरं पातळ नेसवलं. बाहेर दुष्काळी कामावरची माणसं कबर खणत होती. तो मुरूम असा तापला आणि आवळला होता की पहारीतून ठिणग्या उडत होत्या. मुकादमानं काम बंद ठेवलं. बाया लेकरांना काखेत घेऊन आल्या.

कर्जतहून तरुण पाळकसाहेब सायकलवर आले. घाम पुसत त्यांनी विचारलं, "पेटी आली का?" मंडळीतला एक म्हातारा घाईनं म्हणाला, "आली साहेब. भात्याला भोक हाय, पर वाजती." पाळकसाहेबांनी शवपेटी विचारली होती, त्यानं बाजाची पेटी आणून ठेवली होती. बाया पदरात तोंड घालून हसल्या आणि हसता हसता पुन्हा रडू लागल्या. रुतबाई असती तर तिनं महिनाभर ही गोष्ट सांगितली असती.

शवपेटीही आली. तिला आत ठेवलं, पेटी दारापुढं दोन बाकांवर ठेवली. आणि तिथं सगळं अडलं.

"माहेरचं लुगडं?" आमिनानं विचारलं.

योहान म्हणाला, "आईला माहेर नव्हतं. सगळ्यांना माहीत आहे."

"तरीबी," दुसरी म्हातारी म्हणाली, "कुनाचंतरी पडाया पायजे. अशी कशी उघडी धाडायची?"

"आपल्यात हे नाही," पाळकसाहेब हळूच म्हणाले. "आई त्यांच्या पित्याकडं चालल्या आहेत. त्यांना कसली कमी नाही." ते बरोबर बोलत होते, पण बाया उठेनात. माझ्या आईनं माझ्याकडं पाहिलं. मी सगळ्या माणसांत आबांना शोधत होते. आबा नव्हते. सकाळी बातमी कळल्यापासूनच नव्हते. मला राग आला. पाणी नाही प्यायलात ते नाही, निदान मातीला तरी यायचं!

सूर्य माथ्यावर आला तेव्हा आबा दिसले. मिरजगावच्या रस्त्यानं, पायी, धोतर धुळीनं लाल झालेलं, काखेत कागदाचं पुडकं. गर्दीनं वाट दिली. ते सरळ दारापुढं आले आणि उभे राहिले. पुडकं कुणाच्या हातात द्यायचं ते त्यांना कळेना.

लिंबाखाली आमच्या भावकीतले नाना उभे होते, वयानं सगळ्यांत थोरले. ते म्हणाले, "किसन, काय आनलंस?"

"लुगडं."

"कुठल्या नात्यानं रं?"

"माहेरच्या."

"कुनाचं माहेर?"

"आपलंच," आबा म्हणाले. "माज्या बापाची पाठची भन. मोठ्या दुष्काळात नगरच्या वाटंवर मागं राहिली. हीच ती."

पहारींचा आवाजसुद्धा थांबला होता. नाना म्हणाले, "म्या तुज्यापरीस थोरला हाय. म्या कधी ऐकलं न्हाई."

"टाकून आलेल्या पोरीचं कोन बोलतंय, नाना?"

योहान पेटीजवळून पुढं आला. शांत माणूस, कधी आवाज न चढवणारा. "आता आलात?" तो म्हणाला. "माझी आई जन्मभर दारोदार विचारत फिरली. तुमच्याही दारात विचारलं तिनं. तेव्हा कुठं होता तुम्ही?"

"घरातच हुतो."

"मग?"

"भ्यालो," आबा म्हणाले.

एवढंच. माझ्या वडिलांच्या तोंडून हा शब्द मी त्याआधी कधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. योहान दारात तसाच उभा राहिला, आडवा. मला वाटलं, हा आता आबांना परत पाठवणार. आणि पाठवलं असतं तर कुणी चूक म्हटलं नसतं. पाळकसाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "योहान, माहेरचं माणूस आहे. उन्हात उभं ठेवू नका." योहान बाजूला झाला.

माझ्या आईनं पुडकं सोडलं आणि बायांत कुजबूज झाली. लुगडं हिरवंगार होतं. नवी नवरी नेसते तसं. विधवेला, त्यातून पंचाहत्तर वर्षांच्या, हिरवं कुणी आणत नाही. आई आबांना दबक्या आवाजात म्हणाली, "अवो, हे काय आनलंत?"

"दुकानदारानं इचारलं कुनाला न्यायचं," आबा म्हणाले. "म्या म्हनलं, घरच्या पोरीला. त्यानं ह्ये दिलं."

आमिनानं आणि आईनं ते उलगडलं आणि पांढऱ्या पातळावर घातलं.

आता लोक मला विचारतात, ते खरं होतं का? मला माहीत नाही. आजी तोवर वारली होती. आईला विचारलं तर ती म्हणाली, "तुज्या आज्याच्या तोंडून तरी मी कधी ऐकलं न्हाई." नाना मरेपर्यंत म्हणत राहिले, किसन खोटं बोलला. खोटं असेल तर माझ्या वडिलांनी आयुष्यात बोललेलं ते एकच खोटं, आणि तेही अख्ख्या गावापुढं, भावकीचा रोष अंगावर घेऊन. खरं असेल, तर एक माणूस वर्षानुवर्षं स्वतःच्या आत्याच्या दारावरून गेला आणि गप्प राहिला. दोन्हींपैकी कुठलं मला हवं आहे, ते मी अजून ठरवू शकले नाही. एवढं खरं, की घरी आल्यावर आबांनी तीन दिवस सुतक पाळलं. देवाला फूल वाहिलं नाही. भावकीनं दोन वर्षं आमच्या घरचं आमंत्रण घेतलं नाही. मी एकदा सरळ विचारलं, "आबा, ती खरंच आपली होती?" ते म्हणाले, "तुला कालेजात कुनी घातलं?" आणि बैल सोडायला गेले.

त्या दुपारी गीत झालं. फाटक्या भात्याची पेटी धापा टाकत सुरात आली. पाळकसाहेबांनी वाचलं, प्रार्थना केली. अखेरीला "आमेन" म्हटलं तेव्हा आमिनानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

सुतारानं झाकण उचललं आणि योहानकडं पाहिलं. "झाकू का?"

योहाननं आबांकडं पाहिलं. उचला म्हणायचं काम आता त्याचं नव्हतं.

आबा पेटीजवळ गेले. इतक्या जवळ जाऊन त्यांनी तिला कधी पाहिलं नसेल. त्या हिरव्या पदरात तिचं तोंड लहान झालं होतं, सुरकुत्या कुठं गेल्या कोण जाणे. कपाळावर पदराची घडी आली होती, ती आबांनी एका बोटानं मागं सारली. मग त्यांनी 'उचला' म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. सुतार झाकण धरून उभा होता. योहाननं दुसरी बाजू धरली. ऊन पत्र्यावर कडकडत होतं, आणि सात-आठ गावांची माणसं एका शब्दासाठी थांबली होती.

"दम धरा जरा," आबा म्हणाले. "आत्ता तर आलीया."